शेंदराखालची साखर

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका हे अख्ख्या गंगापूर रोडवरचे असे एकमेव गृहस्थ असतील, ज्यांना संध्याकाळच्या भाजीपेक्षा दहा हजार वर्षांनंतरच्या माणसांची काळजी जास्त होती. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन हजारो वर्षं घातक राहतं. ते जमिनीखाली खोल, खडकाच्या पोटात कसं पुरायचं, याच्या संशोधनात त्यांची सगळी नोकरी गेली. एका बंद पडलेल्या खाणीत त्यांचा मोठा प्रयोग चालू होता. तो निकाल लागायच्या आतच गुंडाळला गेला. काका निवृत्त होऊन नाशिकला आले ते तो राहून गेलेला निकाल मनात घेऊनच.

एका अडथळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे त्यांच्या शास्त्राचं तत्त्व त्यांनी घरातही लागू केलं होतं. त्यांची पोळी फडक्यात, फडकं डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी दुसऱ्या पिशवीत असे. सोसायटीच्या सहलीत आमचे हात धुऊन झाले तरी काका आपले गाठी सोडत बसलेले. कुठे पाया खणत असले की ते स्कूटर थांबवून खड्ड्यात डोकावत आणि नाराज होऊन परतत. "दिसायला दणकट, आत भेगाच भेगा," असं ते आमच्या काळ्या पाषाणाबद्दल म्हणत, एखाद्या चुलत भावाबद्दल बोलावं तसं. पांडवलेणीवर सगळे मूर्ती पाहत होते तेव्हा हे भिंतीवरच्या प्राचीन लेखासमोर उभे. "लिहिणाऱ्याला वाटलं असणार, हे कुणीही वाचील. वाच बरं!" मी इंग्रजी शाळेतली, मला दुकानाची मराठी पाटीसुद्धा अडखळत वाचता येई. मी गप्प राहिले. तशी मी बहुतेक वेळा गप्पच असे. म्हणून काका मला मौनीबाबा म्हणत, आणि म्हणूनच त्यांनी आपलं गुपित मला सांगितलं.

इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी एक तांब्याचा डबा पुरला होता. डबा भांडी बाजारातला, आत साखर, आणि भोवती एक खास माती, पाणी लागलं की फुगून स्वतःच पाण्याची वाट बंद करणारी. दहा वर्षांनी उकरायचं. साखर कोरडी निघाली तर माती जिंकली. "एक तरी निकाल बघायचाय गं मला," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

जागेवर खूण म्हणून दगड रोवला होता. त्यावर 'खोदू नये' लिहिलं होतं, पण भाषांच्या टिकाऊपणावर काकांचा विश्वास नव्हता. मग त्यांनी माझ्याकडून एक भेदरलेला चेहरा काढून घेतला. तो इतका मजेशीर उतरला की मुलांनी दगडाचा स्टंप केला.

पुढे सोसायटीनं पाण्याच्या टाकीसाठी नेमकी तीच जागा निवडली. काका सेक्रेटरींकडे धावले.

"पण खाली आहे तरी काय?"

"साखर."

"मग काढा की! चहा ठेवतो."

खरं कारण सांगावं तर अणूचं नाव घ्यावं लागणार, आणि ते घेतलं असतं तर अर्धी कॉलनी सामान बांधून नाशिक रोडला गाडी पकडायला गेली असती. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

सकाळी खोदणारा आला आणि थबकला. दगडाला शेंदूर फासलेला, वर ताजं जास्वंद.

"इथं देव हाय, साहेब. आपण नाय खोदणार," म्हणत त्यानं कुदळ खांद्यावर टाकली. सेक्रेटरींनी घाईघाईनं चपला काढल्या. वर गॅलरीत काकू केशरी बोटं पदराला पुसत उभ्या होत्या. "एवढ्या परिषदा केल्यात," त्या काकांना म्हणाल्या, "घरात एकदा विचारायचं होतंत!"

टाकी दुसरीकडे गेली. पण देव म्हटला की पाणी आलंच. रोज सकाळी तांब्यावर तांबे ओतले जाऊ लागले, सोमवारी तर रांग. काका कासावीस. "अहो, हळद वाहा, कुंकू वाहा, पण पाणी नको! या देवाला पाणी चालत नाही!"

"पाणी न चालणारा देव कुठला हो?" शेजारच्या आजींनी विचारलं आणि उरलेला तांब्याही रिकामा केला. काकांनी दगडावर छत्री बांधली, तर लोकांना ते पहिले भक्त वाटले. पाठोपाठ नारळ फोडायचा मानही त्यांच्याकडे आला. नारळाचं पाणी दगडापासून दूर उडावं म्हणून ते असे काही वाकडे होऊन फोडत की लोक त्यालाच विधी समजू लागले.

दहा वर्षं भरली तेव्हा काका-काकू बंगळूरला मुलाकडे होते. गुडघ्यांनी काकांचा प्रवास बंद केला होता. फोन आला, "मौनीबाबा, उकर."

भर दुपारी, मागे कुणी नसताना, मी खुरपं घेऊन गेले. खाली काय आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी चपला कधी काढल्या ते कळलं नाही, आणि खुरपं काही मातीला लागेना. थोडा वेळ उभी राहिले, मग नमस्कार करून परत आले.

"काका, हातच होईना."

"तुझा? अगं, तुला तर माहितीये आत साखर आहे!"

"हो."

काका हसले, खूप हसले. "मग दहा हजार वर्षं काळजी नाही. कुणीच खोदत नाही."

मी फोन ठेवणार, इतक्यात ते हळूच म्हणाले, "पण कोरडी असेल ना गं?"

"असेल, काका," मी म्हटलं.