पाचवं ‘ठेमते’

आमची काकू पडदे शिवते. तिची मान कायमची डावीकडे कललेली, कारण खांद्यावर फोन असतो. आणि ओठांत चार टाचण्या, कारण दुसरीकडे ठेवल्या की हरवतात. त्यामुळे फोनवर काकू ‘ठेवते’ म्हणत नाही, ‘ठेमते’ म्हणते.

हे ‘ठेमते’ म्हणजे निरोप नव्हे, मध्यंतराची घंटा. पहिल्या ‘ठेमते’नंतर तब्येती. दुसऱ्यानंतर शेजारणीची सून. तिसऱ्या-चौथ्यात कोणी काय शिजवलं आणि ते कोणाला बाधलं. मुद्द्याचं जे काही असेल ते पाचव्यानंतर.

तिच्या मुलाचं, म्हणजे दादाचं, लग्न ठरलं ते दुसऱ्या देशातल्या मुलीशी. दोघं लांबच्या शहरात नोकरीला. वहिनी दादाकडून मराठी शिकत होती. एका मंगळवारी तिचा मेसेज आला: ‘आई, पाच वाजता फोन केला तर चालेल का?’

काकूने मशीन थांबवून मला विचारलं, “कोण गेलं गं?”

“कोणी नाही. नुसतं विचारतेय.”

“फोन करायला कोणी विचारतं का? पोरीला सांगायला जड जातंय.”

पाच वाजेपर्यंत तिने दादाला तीनदा फोन लावून सगळे जिवंत असल्याची खात्री करून घेतली. पाचच्या ठोक्याला फोन वाजला. वहिनीने पाठ केल्यासारखी विचारपूस केली, काकूने जेवणाखाणाची चौकशी केली. त्यांच्या नव्या घरासाठी पडदे शिवणं चालू होतं, खालची दुमड तेवढी राहिली होती. खिडक्यांची उंची विचारायची होती. त्या तयारीने काकू म्हणाली, “बरं, ठेमते हं.”

“ओके आई, बाय.” टुक्.

काकू फोनकडे बघत राहिली. “आपटला.”

“आपटला नाही, ठेवला.”

“अगं, मी अजून बोलायला सुरुवात तरी केली होती का?”

तीन मंगळवार, तीन टुक्. तिसऱ्या मंगळवारी तिने पडद्यांची घडी घातली आणि कपाटावर टाकली. “मी नकोय तिला. मग माझे पडदे तरी कशाला? आणतील विकतचे.” हे बोलताना तिने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, तेव्हा मी घाबरले.

वहिनीला लगेच फोन लावला.

“कोण आजारी आहे?” तिने उचलताच विचारलं.

“कोणी नाही.”

“तू आधी मेसेज नाही केला, म्हणून.”

दोघी सारख्याच, म्हटलं. “काकूचा फोन का कापतेस गं?”

“तुझा दादा म्हणाला, ठेवते म्हणजे बाय. त्या कामात असतात. मी लगेच सोडते.” आवाजात शाबासकीची वाट बघणं होतं. अक्कल वाटत होते तेव्हा आमचा दादा चाळण घेऊन गेला होता.

मग शिकवणी सुरू झाली. मी ओठ मिटले आणि काकू झाले. “बरं, ठेमते हं.”

“बाय.”

“नाही. ‘अगंबाई, मान कशी आहे तुमची?’ ठेमते हं.”

“अगंबाई, माम कशी आहे?” वहिनी ऐकू येईल तसं लिहून घेत होती. “असं किती वेळा?”

“पाच.”

“आणि सहावं आलं तर?”

“तर तू घरातली झालीस.”

चौथ्या मंगळवारी मी जमिनीवरचे दोरे वेचत बसले. पहिल्या ‘ठेमते’ला वहिनीने मानेची चौकशी केली. दुसऱ्याला शेजारणीची सून निघाली. चौथ्याला काकूने मशीनवरचा पाय उचलला. पाचवं झालं आणि ती सहज आठवल्यासारखं म्हणाली, “खिडक्यांची उंची किती गं तुमच्या?”

वहिनीने आकडे सांगितले, काकूने ते खडूने टेबलावरच लिहिले.

“बरं, ठेव मग तू.”

“आधी तुम्ही.”

“तू ठेव गं.”

“बरं,” वहिनी म्हणाली, “ठेमते हं, आई.”

काकू थिजली. फोनवर तळवा धरून माझ्याकडे वळली. “हिच्या तोंडात टाचण्या आहेत.”

“असतील,” मी दोऱ्यांना सांगितलं.

“म्हणजे शिवते की काय ही?” काकूने तळवा काढला. असा गोड आवाज तिने गिऱ्हाइकालाही कधी लावला नव्हता. “अगं, मशीन कुठलं आहे तुझ्याकडे?”

तिकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज. इकडे काकू मला बोटाने कपाटावरची घडी दाखवत होती. मी स्टूल ओढलं.