आणखी काय काय घेता?

तिची आई पोटात रक्तस्राव होऊन गेली, तेव्हा ती बारावीत होती. असं अचानक का झालं, ते घरात कुणालाच नीट कळलं नाही. पुढे तिने फार्मसीला प्रवेश घेतला. प्रयोगशाळेत ती तासन्‌तास पूड घोटत बसायची, म्हणून मैत्रिणी तिला ‘खलबत्ता’ म्हणायच्या.

तिसऱ्या वर्षी एका तासाला सर म्हणाले, “रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना साधी अंगदुखीची गोळी रोज घेतली, तरी पोटात रक्तस्राव होऊ शकतो.” लिहिता लिहिता तिचा हात थांबला. आईला हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. गुडघे दुखतात म्हणून अंगदुखीची गोळी बाबांनी दुकानातून आणली होती आणि रोज जेवण झालं की ते स्वतः तिच्या हातावर ठेवायचे.

ती घरी आली तेव्हा बाबा भाजी चिरत बसले होते. “आज काय शिकवलं गं?” त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

“रक्त पातळ करायची औषधं.”

“तुझ्या आईला होती ती?” बाबांची सुरी थांबली. “तिच्या बाबतीत आपलं काही चुकलं का गं?”

तिने उरलेली भाजी आपल्या पुढ्यात ओढली. “नाही बाबा. तुम्ही तिचं सगळं नीट केलंत.”

आता ती एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. गोळ्या देण्याआधी प्रत्येकाला विचारते, “आणखी काय काय घेता?” रांग खोळंबते, लोक वैतागतात. बाबांना मात्र तिने अजून काहीच सांगितलेलं नाही.