दक्षिणमुखी

पुण्याहून निघालो तेव्हा मार्चचं कोरडं ऊन होतं. सहकारनगरच्या आमच्या बिल्डिंगखाली टॅक्सीची डिकी बंद होत नव्हती आणि माझा नवरा निखिल तिच्यावर जवळजवळ बसला होता. आईने तीन वर्षांच्या इराच्या कपाळाला अंगारा लावला आणि मला एकच सांगितलं, "दक्षिणेला तोंड असलेलं घर घेऊ नका." मी हसले. न्यूझीलंडला कसली आलीय वास्तू!

घर तर आधीच ठरलेलं होतं. निखिलचे थोरले भाऊ, शिरीषभाऊजी, कित्येक वर्षं ख्राइस्टचर्चला होते. त्यांचं भाड्याने द्यायचं एक घर रिकामं होतं. "इथली हवा म्हणजे बारा महिने महाबळेश्वर," ते फोनवर सांगायचे. आम्ही घर न बघता हो म्हटलं. सख्ख्या भावाचं घर कोण तपासून घेतं?

एप्रिल सुरेख गेला. पॉप्लरची पिवळी पानं, निळं आकाश. आईला रोज फोटो पाठवायचे. मे महिन्यात सूर्य खाली उतरला. इथे तो उत्तरेच्या बाजूने फिरतो, आणि आमचं घर टेकडीच्या उतारावर, दक्षिणेकडे तोंड करून. ऑगस्टपर्यंत त्या घराला ऊन म्हणून लागलं नाही. अंगणातलं गवत दवाने गोठून पायाखाली पापडासारखं मोडायचं. सकाळी खिडक्या आतून निथळत. माझ्या लग्नातल्या पैठणीला बुरशीचा वास लागला, मग इराच्या पलंगामागची भिंत काळी पडली. अंटार्क्टिकाकडून सुटणारं वारं, ज्याला इथे सदर्ली म्हणतात, दाराच्या फटीतून थेट आत यायचं.

भाऊजींना सांगितलं. त्यांनी येऊन भिंतीवर बोट फिरवलं. "अगं, तुम्ही खिडक्या लावून फोडण्या करता. ही ओल तुमच्या स्वयंपाकाची आहे."

टेकडीच्या पलीकडे त्यांचं राहतं घर. तिथे भर जुलैत ते शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून उन्हात बसलेले असत.

त्याच जुलैत इराला न्यूमोनिया झाला. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. डॉक्टरांनी ती काय खाते ते नंतर विचारलं. आधी विचारलं, घर कोरडं आहे का? भाऊजी भेटायला आले नाहीत. फोनवर म्हणाले, "इथे हार्डन अप म्हणतात. पोरांना सवय होऊ दे."

मी तेव्हाच डूख धरला.

वसंतात आम्ही रिकार्टनजवळच्या एका लहानशा फ्लॅटमध्ये आलो. खिडक्या उत्तरेला. इराचा खोकला हळूहळू सुटला. "जाऊ दे ना, दादा आहे," निखिल म्हणायचा. मी जाऊ दिलं नाही. मी फार्मसीत काम करते, आणि इथली माणसं औषधासोबत हवेबद्दल बोलतातच. ऐकत ऐकत मी या प्रदेशाची हवा शिकले. पश्चिमेला डोंगरांवर ढगांची कमान दिसली की नॉरवेस्टर येतो: गरम, कोरडा, डोकं उठवणारा वारा. त्या दिवसांत दम्याचे पंप संपतात. आणि तो अचानक थांबला की सदर्ली येते. अंगातला टी-शर्ट काढून स्वेटर घालायलाही उसंत देत नाही.

पुढच्या नोव्हेंबरात भाऊजींची पन्नाशी. घरासमोरच्या लॉनवर मांडव, अर्धं मराठी ख्राइस्टचर्च जमलेलं. सकाळपासून पश्चिमेला कमान होती. भाऊजींनी थट्टेने विचारलं, "काय वेधशाळा, आज कसं आहे?"

"छान गरम आहे," मी म्हणाले. खोटं नव्हतं. दुपारपुरतं खरं होतं.

मांडवात कोल्हापूरची एक नर्स भेटली, सायली. नवऱ्यासोबत नुकतीच आलेली, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. भाऊजी तिला मोबाइलवर आम्ही सोडलेलं ते घर दाखवत होते. सगळे फोटो जानेवारीतले, इथल्या भर उन्हाळ्यातले. "हवा म्हणजे बारा महिने महाबळेश्वर," ते म्हणाले. सोमवारी करार होणार होता.

मी सायलीला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगू शकले असते. मी थांबले. मला ऐकायला सगळे हवे होते.

केक कापायच्या सुमारास वारा पडला. मग दक्षिणेकडून काळं काही चालून आलं. मांडवाचं एक टोक सुटलं, पनीरचे ट्रे लॉनवर, आणि गारा. सगळे ओलेचिंब होऊन हॉलमध्ये घुसले. सायली ओढणीत बाळाला गुंडाळत होती.

मी मोठ्याने म्हणाले, "सायली, ही थंडी उद्यापर्यंत जाईल. पण तुम्ही जे घर घेताय ना, तिथे ती मे ते ऑगस्ट मुक्कामाला असते. आम्ही राहिलोय. माझी इरा तिथूनच हॉस्पिटलला गेली. भिंत काळी झाली तर हे सांगतील, तुमच्या फोडणीमुळे झाली."

"वैदेही, आज माझा वाढदिवस आहे," भाऊजी म्हणाले.

"माहीत आहे भाऊजी. म्हणून तर सगळे आलेत."

सोमवारी करार झाला नाही. ते घर पुढचा अख्खा हिवाळा रिकामं राहिलं. शेवटी भाऊजींनी भिंती उघडून आत इन्सुलेशन भरलं, हीट पंप बसवला. मी मुद्दाम त्या रस्त्याने गाडी नेऊन पाहून आले. फार बरं वाटलं.

पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, "घर फोडलंस." मी विचारलं, "नात हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा हे घर कुठे होतं, आई?" त्यांनी फोन निखिलला द्यायला सांगितला. निखिल दिवाळीला भावाकडे एकटाच जातो. परतताना त्याचा चेहरा उतरलेला असतो आणि ते मला दिसतं. तरी मी माफी मागितलेली नाही.

आता दहा वर्षांची झालेली इरा परवा विचारत होती, "मम्मा, आर यू स्टिल अँग्री विथ काका?"

"हो," मी म्हटलं. "हीप्स. ढीगभर."

पहिल्या वर्षी इथे मला कोणी ओळखत नव्हतं. सगळे गोड हसायचे, सगळं स्वीट ॲज, म्हणजे एकदम मस्त. भांडायला, अबोला धरायला पुण्याला जावं लागलं असतं. आता रिकार्टनच्या इंडियन दुकानात कढीपत्त्यापाशी भाऊजी समोर आले की ते तांदळाच्या पोत्यांकडे वळतात आणि काउंटरवरची बाई आम्हा दोघांकडे बघून ओठ दाबते. तिला सगळं माहीत असतं. ज्या गावाला आपलं वैर ठाऊक आहे, ते गाव परकं कसं म्हणायचं?