रेल्याच्या चालीवरचं इंग्रजी

काल नात नाकावर बोट ठेवून 'नोज, नोज' गात आली.

ऐंशीच्या दशकात, आलापल्लीपलीकडच्या जंगलातल्या शाळेत आम्हा गोंडांच्या पोरांना मराठीच धड येत नसे. म्हणून सर इंग्रजी आमच्या रेला नाचाच्या चालीवर शिकवायचे. दात, गुडघा, बोटं दाखवत आम्ही अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली फेर धरायचो. नक्षल्यांच्या दलमची, म्हणजे बंदूकधारी तुकडीची, गाणीही त्याच चालीवर असत. एका दुपारी बंदूकवाले पोलीस शिपाई अंगणात घुसले.

"दलमचं गाणं काऊन शिकवून राह्यला बे?"

"इंग्रजी आहे, साहेब. या पोरीले विचारा."

एकाने मला दंडाला धरून ओढलं. "गा!"

माझ्या तोंडून आवाज फुटला नाही.

बंदुकीचा दस्ता सरांच्या तोंडावर बसला. पडलेल्या मोहफुलांवर रक्त सांडलं, त्या गोड वासात मिसळलं. मी मनात म्हटलं, टीथ. गुडघ्यावर लाथ बसली. नी. बोटांवर बूट आला. फिंगर.

सर पुन्हा शाळेत आले नाहीत.

"आजी, तुले येते का हे गाणं?" नात विचारत होती.

येतं. तेव्हाही येत होतं.