देवमन सरांनी तोंड बंद ठेवलं त्याची गोष्ट

बडनेऱ्याला आमच्या शेजारी देवमन सर राहतात. आयटीआयमध्ये तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले. त्यांना दोन खोडी. भेट आलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव ते स्वतः कोरतात. त्यांच्याकडे चहा पिणं म्हणजे कुणाच्या तरी साळ्याच्या नावाला ओठ लावणं. दुसरी खोड, उत्तर पोटात राहत नाही. परीक्षेत कुणी अडलं की सर खिडकीकडे पाहत उत्तर पुटपुटायचे.

वरूडला संत्री आकारानुसार निवडणारी जुनी यंत्रं आहेत. त्यांचा प्रोसेसर कंपनीने बनवणं बंद केलंय; तो जळला की अख्खं यंत्र भंगारात. सरांनी तीन वर्षं खपून तसाच प्रोसेसर तयार केला. त्याचा आराखडा इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुला करायचा, एवढीच त्यांची इच्छा.

आराखडा खुला करायच्या आदल्या दिवशी त्यांची मुलगी दीक्षा आली. अमरावतीला वकिली करते. नव्या प्रोसेसरचा बोर्ड पाहून तिने कपाळाला हात लावला. त्यावर कंपनीचं नाव ठळक कोरलेलं.

"बाबा, हे काहून कोरलं?"

"ज्याचं त्याले नको द्याले? आपुन का चोर हाय?"

"नाव त्यायचा ट्रेडमार्क हाय. अन् आतला कोड?"

"जुन्या चिपमधून वाचला, जसाच्या तसा. त्यायची एक चूक बी सोडली नाई!" सर अभिमानाने म्हणाले.

म्हणजे कोड उतरवून घेतल्याचा पुरावाच सरांनी मन लावून जपला होता! दीक्षाने समजावलं: पेटंटची मुदत संपलेली, तेवढं नशीब. कोणत्या हुकमाला प्रोसेसरने काय उत्तर द्यायचं हे पाहून स्वतःचा कोड लिहिता येईल, पण कंपनीचा उतरवता येणार नाही. आणि नवा लिहिणाऱ्याने जुना कधी पाहिलेला नको. म्हणजे सर बाद.

सर दोन दिवस धड जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

मग त्यांची जुनी विद्यार्थिनी जयवंता धावून आली. अकोल्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. सुट्टीत ती सरांच्या घरी पुढच्या खोलीत बसून नवा कोड लिहायची, सर मागच्या खोलीत. प्रोसेसरच्या आत काय जातं, बाहेर काय येतं, एवढंच सरांनी चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठी दीक्षा तपासणार. पहिल्याच दिवशी तिने अकरा चिठ्ठ्या फाडल्या. प्रत्येकीच्या खाली 'एक युक्ती सांगतो' होतंच.

एकदा जयवंता तासभर अडली. सर दारात आले, तोंड उघडलं. दीक्षाने नुसतं पाहिलं. सरांनी संत्र्याच्या चार फोडी एकदम तोंडात कोंबल्या आणि मागे फिरले.

दोन महिन्यांनी नवा बोर्ड वरूडच्या यंत्रात बसला. संत्री आपापल्या खणात बरोबर पडली. आराखडा खुला झाला, तेव्हा सरांना जयवंताचा कोड वाचायला मिळाला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"कंपनीच्याहून आखूड हाय," ते म्हणाले. "अन् त्यायची ते चूक बी नाई."

जयवंता हसली. "सर, आयटीआयत तुमी खिडकीकडं पाहून मले पास केलं होतं. आज मी पयल्यांदा माह्या भरोशावर पास झाली."

सरांनी कोरायची सुई काढली, बोर्ड मांडीवर घेतला आणि दीक्षाकडे पाहिलं.

"इचं नाव कोरू ना वो, वकीलबाई?"