मेंढ्या न मोजणारी मुलगी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारी दोन निरोप एकाच तासात आले. पहिला मोबाईलवर: शुक्रवारी तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब येणार, पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाला मोजता येतं का ते स्वतः तपासणार. दुसरा निरोप खांद्यावर घोंगडं टाकून दारातच उभा होता. दुसरीतल्या एका मुलीचा बाप.

"गुर्जी, रविवारी आमी मेंढरं घिऊन निघतोय गोदाकाठाला. पावसाळ्यापस्तोर परत येत न्हाई. हिला काय येत असंल तर आत्याकडं ठिवतो, शिकू द्या. काय येतच नसंल तर उगं कशापायी बसवायची? कोकरं तरी संभाळंल."

"येतं की तिला."

"तुमी तर म्हणणारच. शनिवारी येतो, दावा मला."

घाटनांदूरहून मी रोज मोटारसायकलवर या शाळेत येतो. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडे. इतक्या वर्षांत मला एवढं कळलं आहे की आठवडाभरात मूल शिकू शकतं. फक्त त्या आठवड्यात कुणी शाळा तपासायला येणार नसलं पाहिजे.

मंगळवारी मुख्याध्यापकांनी स्वागतगीत काढलं. मागच्या साहेबांसाठी बसवलेलंच होतं, फक्त हुद्दा बदलायचा होता. त्या मुलीला पहिल्याच कडव्यानंतर बाजूला बसवण्यात आलं. माळावर पांगलेल्या मेंढ्यांना हाका मारून तिचा आवाज असा तयार झाला होता की बाकीची वीस मुलं नुसती तोंडं हलवताहेत असं वाटायचं. माझ्या ते पथ्यावर पडलं. बाकीचे ओट्यावर साहेबांचं स्वागत करत, तेवढ्या वेळात ती माझ्यासमोर बसून वाचायची. बोट शब्दाखाली, मान एका बाजूला. बुधवारी एका वाक्याला दोनदा दम घ्यावा लागायचा. गुरुवारी तिने अख्खा धडा वाचला आणि विचारलं, "सर, पुढचा हाय का?" असा प्रश्न मला फारसा कुणी विचारत नाही. थकवा गेला असं म्हणणार नाही, पण थोडा वेळ त्याची आठवण राहिली नाही.

मोजण्याचं मात्र अडलं. प्रशिक्षणात सांगतात, शिक्षण मुलांच्या परिसराशी जोडा. मी जोडलं. सुट्टीत वह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून चाळीस मेंढ्या केल्या होत्या, कान-शेपटीसकट. तिच्यापुढे बारा मांडल्या.

"किती मेंढ्या?"

तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "सगळ्या हायत."

"सगळ्या म्हणजे किती?"

शेजारचा पोरगा खिदळला, "हिला मोजताच येत न्हाई, बे!"

"तुला तर तुझ्या घरची शेळी वळखू येत न्हाई," ती म्हणाली. "परवा दुसऱ्याची बांधली व्हती."

बाटल्यांची बुचं दिली तर हीच मुलगी शंभरपर्यंत न चुकता जायची. मेंढ्या मांडल्या की तोंड बंद. मी हट्टीपणा समजलो. का, ते विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात मुख्याध्यापकांची हाक आली, शाल कोणत्या रंगाची आणायची म्हणून. गुरुवारी संध्याकाळी तर मी त्या मेंढ्या ओळीने भिंतीवर चिकटवल्या. साहेबांना बऱ्या दिसतील.

साहेब शुक्रवारी अकराला येणार होते, ते एकला आले. तोवर खिचडी झाकून ठेवलेली आणि मुलं तिच्याकडे बघत बसलेली. फेटा, शाल, नारळ, गीत. मग साहेब बोलले. बोलण्यापेक्षा कृतीला महत्त्व आहे, हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. वर्गासाठी दहा मिनिटं उरली. भिंतीवरच्या मेंढ्या त्यांना फार आवडल्या. नेमकं तिलाच उभं केलं.

"बाळ, इथं मेंढ्या किती आहेत?"

"सगळ्या हायत."

साहेब हसले, म्हणून मुख्याध्यापक हसले. पुन्हा विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"साहेब, बुचं मोजते ती. आणि वाचते फार छान," मी म्हणालो.

"वाचन पुढच्या फेरीत." त्यांनी मोजता येणाऱ्यांच्या हिरव्या कार्डांचा गठ्ठा बाजूला सरकवला, पिवळं काढलं, त्यावर काही लिहिलं आणि तिच्या हातात दिलं. पालकांची सही आणायची होती.

शनिवारी सकाळची शाळा. बाप वेळेवर आला. तिने आपणहूनच कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटंपालटं केलं आणि माझ्यापुढे धरलं.

"सायबानं काय लिवलंय?"

त्याला वाचता येत नव्हतं. खोटं बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं आणि ते तयारही होतं. मी घसा साफ केला, तेवढ्यात त्याने हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या. तू वाच गं."

तिने कार्ड धरलं, बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं आणि माळावरच्या आवाजात वाचलं, "मोजता येत नाही. मुलगी मागे आहे. पालकांनी लक्ष द्यावे."

शेजारच्या खोलीतली तिसरी-चौथीची पोरं दाराशी येऊन डोकावू लागली.

"काय मोजाय लावलं व्हतं?" बापाने मला विचारलं. मी भिंतीकडे बोट दाखवलं. तो जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिला.

"ही मेंढरं हायत व्हय?"

"हो."

"गुर्जी, मेंढरं मोजीत न्हाईत. मोजली की नजर लागती, कमी व्हत्यात. मीच सांगितलंय तिला, कुणी बी इचारलं तरी आकडा सांगायचा न्हाई."

"मग एखादी हरवली तर कळतं कसं?"

"तिचं त्वांड दिसत न्हाई की." एवढं साधं गुर्जींना कळू नये, याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं. मग त्याने पुन्हा कार्डाकडे बघितलं. "हे तिनं पाठ केलतं का?"

"कालच लिहिलंय साहेबांनी. मीही आत्ताच ऐकलं."

तो मुलीकडे वळला. "तुझ्याच इरोधात हाय, तरी वाचलंस?"

"तसंच लिवलंय तर," ती म्हणाली.

त्याने शाईचा डबा मागितला, कार्डावर अंगठा उठवला आणि तो घोंगड्याला पुसला. "ठिवतो आत्याकडं. पर मोजाय दुसरं कायतरी देत जा."

सोमवारी ती उशिरा आली. डोळे सुजलेले होते. साहेबांनी मोबाईलवर भरलेल्या माहितीत ती अजून मागे आहे; ते बदलायला साहेबांना पुन्हा यावं लागेल आणि मुख्याध्यापकांना पुन्हा शाल आणावी लागेल. भिंतीवरच्या मेंढ्या मी आधीच काढून ठेवल्या होत्या. तिच्यापुढे पुढचा धडा उघडला.

"गेली का मेंढरं?" मी विचारलं.

तिने मान डोलावली. किती, ते मी विचारलं नाही.