तेराव्याच्या आत आलेली तारीख

निरूता आमच्या वरच्या मजल्यावर राहते. सरकारी पत्राची वाट बघत होती, तेव्हा तिच्या पायाला भिंगरी होती. टपालवाला दुपारी दोनला येतो हे आमच्या गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे, पण ही सकाळी दहापासून जिना उतरायची, पेटी उघडायची, आत हात घालून चाचपायची आणि परत वर जायची.

"अगं, त्या पेटीचं बिजागर निघेल एक दिवस," मी ओरडायचे.

"एकदाच बघते, दिदी," असं म्हणायची आणि तासाभराने पुन्हा खाली.

ती नेपाळातल्या पाल्पाहून एकविसाव्या वर्षी इथे न्यूयॉर्कला शिकायला आली. अकाउंटिंग शिकली, पास झाली, वर्षभर नोकरी करायची मुभा मिळाली आणि तीही संपत आली. पुढे दोनच वाटा होत्या. आणखी एखाद्या कॉलेजची फी भरा, नाहीतर काठमांडूचं विमान पकडा. बावीस वर्षं क्वीन्समध्ये भाडेकरू ठेवतेय मी. कागद संपत आलेल्या पोरीचं तोंड मला लांबून ओळखू येतं. फोन वाजला की दचकतात, आणि कुणी "पुढे काय?" विचारलं की भांडी घासायला उठतात.

लग्न मी जुळवलं. कबूल करते. तीर्थराज पौड्याल, छत्तीस वर्षांचा, मूळचा नेपाळातल्या चितवनचा. व्हिसाच्या सोडतीत नंबर लागून इथे आला, इमारतींचे बॉयलर दुरुस्त करतो, आणि आता इथला नागरिक आहे. माणूस सोन्यासारखा, पण घुमा. त्याच्याकडून दोन वाक्यं काढायची म्हणजे बॉयलर उघडण्याइतकं काम. मी दोघांना मोमो खायला पाठवलं. निरूता परत आली ती धुसफुसतच.

"मी विचारलं, माझ्याशी का लग्न करताय? तर म्हणाले, दिदींनी सांगितलं म्हणून!"

"मग? खरंच बोलला की."

"आणि मला विचारलं, तू का करतेयस? मी काय सांगू, दिदी?"

"तू काय सांगितलंस?"

"चटणी संपली म्हणून सांगितलं."

लग्न झालं. आधी कचेरीत सह्या, मग देवळात सिंदूर. तिच्या ग्रीन कार्डाचा अर्ज गेला. किराणा दुकानातल्या बायकांनी लगेच जिभा सोडल्या. "कार्ड हातात पडलं की चिमणी भुर्र!" हे त्याच्या कानावर जायचं आणि तिच्याही. तो हत्यारांची पेटी उचलून कामाला जायचा. ती वर जाऊन दार आपटायची.

सरकारी मुलाखतीत नवराबायकोला वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात, हे मी ऐकून होते. म्हणून दर शनिवारी मी परीक्षा घ्यायला बसायचे. पलंगावर कुठल्या बाजूला कोण झोपतं? दाताचा ब्रश कुठल्या रंगाचा? काल रात्री काय जेवलात? दोघांकडून जुळणारी उत्तरं पाठ करून घेतली. निरूताचं असं: "डावीकडे, खिडकीजवळ मी. काल रात्री डाळ, भात, फुलकोबी." पोपटासारखं. मला वाटायचं मी पुण्य करतेय. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय!

चौदा महिन्यांनी तारीख आली. गुरुवार, सकाळी नऊ. निरूताने ते पत्र फ्रिजला चिकटवलं आणि येताजाता हात लावून बघायला लागली. आणि तारखेला आठ दिवस राहिले असताना चितवनहून फोन आला. तीर्थराजची आई गेली.

तिकडे धाकट्या भावाने अग्नी दिला. तीर्थराजचा पासपोर्ट खिशात. संध्याकाळच्या विमानात बसला असता तर निदान तेरा दिवसांच्या क्रियेला आपल्या आईच्या अंगणात बसला असता. निरूताला मात्र अर्ज चालू असताना परवानगीशिवाय देश सोडता येत नव्हता. सोडला तर अर्जावर पाणी. आणि मुलाखतीला नवरा हजर हवाच. वकील म्हणाला, तारीख बदलून मिळेल, पण नवी कधी येईल ते सांगता येणार नाही.

ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून बोटं मोडत होती. "जा म्हणू की नको म्हणू, दिदी?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं त्यांनी जाऊ नये. आणि असं वाटणारी बाई म्हणजे काय माणूस म्हणायची?"

शेवटी तिने त्याला सांगितलं, "तुम्ही जा. तारीख बदलून घेऊ." तो "बघू" म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघरात डोकं तासून, पांढरं धोतर नेसून तो खाली आला आणि माझ्या मागच्या खोलीत क्रियेला बसला. जमिनीवर घोंगडी. दिवसातून एकदा स्वतः शिजवलेला भात आणि तूप, मीठ नाही. तेरा दिवस कुणी शिवायचं नाही, बायकोनेसुद्धा. शिवलं तर आंघोळ, आणि त्या दिवशी उपास. निरूतानेही मीठ सोडलं, कपाळ मोकळं ठेवलं, लाल पोत काढून डब्यात ठेवली.

त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तो हाताने फोन कानाला लावत नव्हता, जमिनीवर ठेवून बोलायचा, म्हणून ते सगळ्या घराने ऐकलं.

"आईपेक्षा बायकोचा कागद मोठा झाला का रे? तो कागद घेऊन ती पळेल तेव्हा बस डोक्याला हात लावून!"

निरूता दारातच उभी होती. त्यानंतर ती दिवसभर घरात नुसती फिरत राहिली. खुर्ची हलव, पडदा सरकव, नळ उघड, बंद कर.

"ते का थांबले, दिदी? विचारा ना."

"नवरा तुझा आहे. तू विचार."

"शिवायचं नाही, जवळ बसायचं नाही. दारातून ओरडून विचारू?"

मी पंडितजींना फोन केला. ते म्हणाले, "शास्त्रात सरकारी कचेरीचा उल्लेख नाही. जाऊ दे त्याला. पण कुणी शिवू नये एवढं बघा. परत आल्यावर जेवेल." म्हणजे रेल्वे बाद. मी माझी गाडी काढली. तो मागे एकटा, ती माझ्या शेजारी. पुलावर गर्दी लागली तेव्हा ती दर मिनिटाला घड्याळ बघत होती आणि ओठ हलवत होती. डावीकडे, खिडकीजवळ मी.

मी बाहेर गाडीतच थांबले. आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. अधिकारी म्हणजे चष्मेवाली, वयस्कर बाई. तिने लग्नाचे फोटो बघितले, मग समोरचं तासलेलं डोकं आणि दोघांच्या मधली रिकामी खुर्ची बघितली. आधी हिला एकटीला विचारलं. निरूता घाबरली आणि घडाघडा पाठ म्हणून मोकळी झाली. पलंगावर डावीकडे, खिडकीजवळ मी. काल रात्री डाळ, भात, फुलकोबी.

मग त्याला विचारलं.

"जमिनीवर झोपतो. वेगळ्या खोलीत."

"काल रात्री काय जेवलात?"

"रात्री जेवत नाही. दुपारी भात आणि तूप. मीच शिजवला."

"बायको बरोबर जेवली?"

"नाही."

बाईने दोघांना समोरासमोर बसवलं. म्हणाली, "तुमच्यातलं कुणीतरी एक खोटं बोलतंय."

"मी," निरूता म्हणाली आणि रडायला लागली. "यांची आई गेली. आठ दिवस आम्ही वेगळे राहतोय, आमच्यात असंच असतं. पण तसं सांगितलं तर तुम्हाला वाटेल लग्न खोटं आहे. म्हणून पाठ केलेलं बोलले."

बाईने त्याच्याकडे बघितलं. "आई वारली आणि तुम्ही गेला नाहीत?"

"आज हिची तारीख होती."

"तारीख बदलता येते."

त्याने तासलेल्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "चौदा महिने ही रात्री उठून बसते. हिला वाटतं मी झोपलेला असतो. आणखी थांबणं हिला झेपलं नसतं."

बाई पुष्कळ वेळ लिहीत राहिली. मग म्हणाली, मंजूर. दोन वर्षांचं कार्ड, त्यानंतर कायमचं करायला पुन्हा अर्ज.

गाडीत बसल्यावर निरूताने मला "मंजूर" असं सांगितलं, जणू दूध आणलंय म्हणून सांगतेय. मी आनंदाने हॉर्न वाजवला. कुणी हसलं नाही. पूल येईपर्यंत ती पुढे बघत होती. मग मागे न वळताच तिने विचारलं, "लोक म्हणतात कार्ड मिळालं की मी जाणार. तुम्हालाही तसंच वाटतं?"

"वाटतं कधीकधी," तो म्हणाला.

"आणि तरी थांबलात?"

"हो."

ती वळली आणि दोन सीटच्या मधून तिने हात मागे केला.

"ए, शिवू नकोस!" मी खेकसले. "अजून पाच दिवस आहेत. त्याला उपाशी ठेवतेस का?"

तिने चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला.

"दिदी," तो म्हणाला, "कचेरीच्या दारात पहारेकऱ्याने सगळं अंग चाचपून बघितलंय. आजचं जेवण तेव्हाच गेलं."

आणि त्याने स्वतःच हात पुढे केला. निरूताने तो घर येईपर्यंत सोडला नाही, आणि मी जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून गाडी चालवली.